वाचकांचे प्रश्न : एकाहत्तरच्या युद्धाचे कागद गेले कुठे?

गेल्या अंकात १९७१ च्या भारत-पाक युद्धावर इतिहासकार कसं काम करतात, जुन्या फायली कुठे कुठे धुंडाळतात याबद्दल थोडंसं लिहिलं होतं. त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की सगळ्यांना एका अंकात उत्तरं देणं काही जमणार नाही. जे बऱ्याच जणांनी विचारलंय ते आधी घेते, बाकीचे पुढच्या वेळी.

मॅडम, युद्धाला पन्नासच्या वर वर्षं झाली. आता संशोधन करण्यासारखं काय राहिलंय? सरकारी दप्तरात सगळं असणारच, जायचं, बघायचं आणि लिहायचं. (एक वाचक, नाशिक)

तसं असतं तर काय हवं होतं! कायदा तसाच आहे बरं का. १९९३ चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आणि त्याचे १९९७ चे नियम, त्यात स्पष्ट आहे की पंचवीस वर्षं झालेल्या आणि जपून ठेवायच्या ठरलेल्या फायली खात्यांनी दिल्लीला जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायच्या. म्हणजे एकाहत्तरच्या फायली शहाण्णव-सत्त्याण्णवपर्यंत तिथे पोचायला हव्या होत्या. प्रत्यक्षात डिसेंबर २०२२ मध्ये त्या अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच जाहीरपणे सांगितलं की बासष्ट, पासष्ट आणि एकाहत्तर या तिन्ही युद्धांचे कागद आमच्याकडे नाहीत, इतकंच काय हरितक्रांतीचे पण नाहीत, आणि केंद्राची १५१ मंत्रालयं आणि विभाग आहेत त्यातल्या ३६ चेच कागद आमच्याकडे आहेत. हे कुणा चिडलेल्या प्राध्यापकाचं म्हणणं नाही, खुद्द दप्तर सांभाळणाऱ्याचं आहे. खाती फायली देतच नाहीत आणि न दिल्याबद्दल कुणाला काही होतही नाही.

मग करायचं काय, तर वळसा घालायचा. दिल्लीत तीन मूर्ती भवनातलं नेहरू मेमोरियल, ज्याचं नाव २०२३ मध्ये बदलून प्रधानमंत्री संग्रहालय झालं (जुनी मंडळी अजून तीन मूर्तीच म्हणतात), तिथे लोकांचे खाजगी कागद ठेवलेले असतात. एकाहत्तरला इंदिरा गांधींचे सचिव होते पी. एन. हक्सर, त्यांचे कागद तिथे आहेत. पंतप्रधानांना लिहिलेली टिपणं, मॉस्कोहून राजदूत डी. पी. धर यांनी पाठवलेली पत्रं, कुणाला भेटताना काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही याच्या सूचना. गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकाहत्तरवर जी गंभीर पुस्तकं आली त्यातल्या बऱ्याच जणांनी भारताची बाजू याच कागदांवरून मांडलीये. सरकारी फाईल मिळत नाही पण सरकारी अधिकाऱ्याने जपलेली प्रत मिळते असा हा सगळा प्रकार आहे. समजा हक्सर साहेबांनी निवृत्त होताना सगळं फाडून टाकलं असतं, तर आपण आज काय वाचत बसलो असतो कोण जाणे.

बाकी मग लंडन. तिथे तेव्हा तीस वर्षांचा नियम होता, त्यामुळे लंडनच्या क्यू भागातल्या अभिलेखागारात एकाहत्तरच्या फायली २००२ च्या सुरुवातीला खुल्या झाल्या. वॉशिंग्टनचं तर विचारूच नका, त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे. आणि ढाका! आपल्याकडचे लोक ढाक्याला विसरतात आणि मला याचा फार राग येतो, कारण तिकडे मुक्तियुद्धाच्या दस्तऐवजांचे पंधरा जाडजूड खंड १९८० च्या दशकातच छापून झालेत, हसन हाफिजुर रहमान यांनी संपादित केलेले. बंगाली वाचता येत नाही म्हणून आपण तिकडे बघतच नाही, आणि मग लिहितो असं की जणू ही फक्त भारत आणि पाकिस्तान यांचीच लढाई होती.

माणेकशॉ यांचा किस्सा, की एप्रिलमध्ये इंदिराजींनी लगेच हल्ला करा म्हटलं आणि त्यांनी ठाम नकार दिला, राजीनामा द्यायची पण तयारी दाखवली, हा खोटा आहे असं तुम्हाला म्हणायचंय का? लहानपणापासून ऐकत आलोय. (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

खोटा नाही म्हणत गुरुजी. पण तो किस्सा म्हणून ऐकायचा की पुरावा म्हणून वापरायचा, हे ठरवावं लागतं.

किस्सा सगळ्यांना माहितीये, तरी ज्यांना नसेल त्यांच्यासाठी. एप्रिल १९७१, पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येतायत, मंत्रिमंडळाची बैठक, पंतप्रधान चिडलेल्या, हातात मुख्यमंत्र्यांच्या तारा. लष्करप्रमुखांना विचारतात, तुम्ही काय करताय? माणेकशॉ सांगतात की पावसाळा तोंडावर आलाय, तिकडच्या नद्या समुद्रासारख्या होतील, हिमालयातल्या खिंडी मोकळ्या होतायत म्हणजे चीन काहीतरी करू शकतो, रणगाडे तयार नाहीत, आत्ता गेलो तर हार नक्की. हे त्यांनी पुढे कितीतरी भाषणांमधून सांगितलं, आणि सांगायचे पण काय झकास! ऐकणारा खिशात. पण सांगितलं ते बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर.

आता त्याच महिन्याचे कागद बघा. धर यांनी एप्रिलमध्येच हक्सरना लिहिलंय, त्याचा मथितार्थ असा की पाकिस्तानच्या तयार फौजेला आत्ता लगेच हरवायची स्वप्नं बघू नका, पूर्व बंगाल हा असा खड्डा करा की त्यात पश्चिम पाकिस्तानची सगळी ताकद गिळली जाईल, आठवड्या-दोन आठवड्यांचा विचार नको, वर्ष-दोन वर्षांचा करा. हक्सरांची टिपणं पण थांबा, बांगलादेशला मान्यता देण्याची घाई नको, आधी जगाचं मत तयार करू याच सुरात आहेत. मे महिन्यात पंतप्रधान विरोधी पक्षांच्या नेत्यांना भेटल्या, त्यासाठी हक्सरांनी करून दिलेली टिपणं पण तशीच. लगेच घुसा म्हणणारे होते की, संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम मार्चच्या शेवटी जाहीर परिसंवादात म्हणाले होते की अशी संधी परत येणार नाही, संसदेत पण आरडाओरडा होता, वर्तमानपत्रं तर पेटलेलीच होती. पण पंतप्रधानांच्या कार्यालयातून जे कागद बाहेर आलेत त्यात एप्रिलमध्ये लगेच युद्ध करायचा विचार चाललाय असं दिसत नाही.

म्हणून श्रीनाथ राघवन, चंद्रशेखर दासगुप्ता असे अभ्यासक म्हणतात की माणेकशॉंनी लष्करी सल्ला दिला असणार, तो बरोबरही होता, पण एका हट्टी पंतप्रधानांना एका सेनापतीने रोखलं हे चित्र कागदांत बसत नाही. मला स्वतःला असं वाटतं की इंदिराबाईंना थांबायचंच होतं आणि उतावळ्या सहकाऱ्यांना ते लष्करप्रमुखाच्या तोंडून ऐकवणं सोयीचं होतं. हे माझं मत. उद्या त्या बैठकीचं इतिवृत्त संरक्षण खात्याच्या एखाद्या कपाटातून बाहेर आलं आणि त्यात वेगळं निघालं तर मत बदलू, पण ते इतिवृत्त बघायला मिळायला तर हवं! आणि यात माणेकशॉ लहान होत नाहीत हो. एप्रिल ते डिसेंबर त्यांनी जी तयारी करून घेतली ती काही किस्स्यावर अवलंबून नाही.

९३ हजार पाकिस्तानी सैनिक शरण आले हे तरी बरोबर आहे ना? (एक वाचक, जळगाव)

आकडा बरोबर, शब्द चुकीचा. त्या ९३ हजारांत लष्कराबरोबर निमलष्करी दलं, पोलीस, सरकारी नोकर आणि काही कुटुंबं पण होती. सगळे युद्धकैदी किंवा ताब्यातले नागरिक म्हणून भारतात आणले गेले आणि एकत्र मोजले गेले. "९३ हजार सैनिक" हे भाषणात छान वाटतं, लिहिताना "९३ हजार जण" लिहा, काम झालं. शरणागतीच्या कागदाची पण एक गंमत आहे, त्यावर वेळ ४ वाजून ३१ मिनिटं अशी टाइप केलेली होती आणि पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ जनरल जेकब यांनी लिहून ठेवलंय की सही होताना मी घड्याळ बघितलं तर ४ वाजून ५५ मिनिटं झाली होती. म्हणजे मूळ अस्सल कागद, दोन्ही सेनापतींच्या सह्या, तरी त्यातली वेळ चुकीची असू शकते.

अमेरिकेच्या आणि पाकिस्तानच्या कागदांवर विश्वास ठेवून आपल्या सैन्याचा इतिहास लिहायचा ही कुठली पद्धत? आपल्या सैन्याने लिहून ठेवलेलं नाही का? (नाव न छापण्याच्या अटीवर, पुणे)

लिहून ठेवलेलं होतं. आता काय सांगू.

२०१० मध्ये बातमी आली की कोलकात्याच्या पूर्व विभागाच्या मुख्यालयातले एकाहत्तरचे बरेचसे कागद नष्ट केले गेलेत, त्यात मुक्तिवाहिनीला, म्हणजे पाकिस्तानी लष्कराशी लढणाऱ्या बंगाली स्वातंत्र्यसैनिकांना, प्रशिक्षण कसं दिलं वगैरे पण होतं. जेकब, जे नंतर त्याच विभागाचे प्रमुख झाले, त्यांनी सांगितलं की मी प्रमुख म्हणून गेल्यावर कागद मागितले तर फाडून टाकलेत असं उत्तर मिळालं. कुणी सांगितलं, का केलं, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली आणि विषय विरून गेला. जिंकलेल्या युद्धाचे कागद! हरलेल्याने लपवावेत हे समजू शकते मी. आता २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवं धोरण केलंय, युद्धाचा इतिहास पाच वर्षांत तयार करायचा, कागद साधारण पंचवीस वर्षांत खुले करायचे, धोरण चांगलं आहे, पण जे फाटलंय ते कुठल्या धोरणाने परत येणार. अधिकृत इतिहास म्हणाल तर संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तो १९९२ मध्येच लिहून तयार केला होता आणि मोजक्या प्रती काढून आतल्या आत ठेवला होता, लोकांना तो वाचायला मिळाला काही वर्षांनी, इंटरनेटवर फुटल्यावर. नीट छापील स्वरूपात यायला २०१४ उजाडलं.

आता अमेरिकेचं. विश्वास ठेवा असं कोण म्हणतंय? वाचा म्हणतेय मी. तेव्हाचे अध्यक्ष निक्सन साहेबांनी फेब्रुवारी १९७१ पासून स्वतःच्याच ऑफिसात टेप लावून ठेवले होते, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये इंदिराजी भेटून गेल्यावर दुसऱ्या दिवशी निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर इंदिराजींबद्दल काय भाषेत बोलले ते आज ऐकायला मिळतं, ती भाषा इथे छापण्यासारखी नाही, आणि २००५ मध्ये ते कागद बाहेर आल्यावर किसिंजरना खेद व्यक्त करावा लागला. त्याच संग्रहात ढाक्यातले त्यांचेच राजदूत... सॉरी, कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांच्या कचेरीने ६ एप्रिल १९७१ ला पाठवलेली तार आहे, वीस जणांच्या सह्या, आपल्याच सरकारचं धोरण नैतिकदृष्ट्या दिवाळखोर आहे असं सांगणारी. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की "अमेरिकेची बाजू" म्हणून एक काही नसतं हे लगेच कळतं.

आणि एक उदाहरण द्यायलाच हवं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सीआयएने कळवलं की इंदिरा गांधींनी मंत्रिमंडळात पूर्वेचं आटपल्यावर पश्चिमेकडे पण पाकिस्तानी लष्कर मोडून काढायचं आणि पाकव्याप्त काश्मीरचा भाग घ्यायचा असं सांगितलं. या अहवालावर निक्सन-किसिंजर पुढे पुढे तावातावाने बोलत राहिले, एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे पाठवलं त्याच्या समर्थनातही हा अहवाल येतो. आपल्याकडे मग मंत्रिमंडळात हेर कोण यावर वर्षानुवर्षं नावं घेऊन चिखलफेक झाली, मरणोत्तर सुद्धा. अहो पण त्या कागदाने सिद्ध काय होतं? एवढंच की वॉशिंग्टनला असं कळवलं गेलं आणि त्यांनी ते खरं धरलं. बैठकीत तसं बोलणं झालं का, सांगणाऱ्याने तिखटमीठ लावलं का, हे त्या कागदावरून ठरत नाही. त्यासाठी परत आपलंच इतिवृत्त पाहिजे, आणि आपण फिरून त्याच बंद कपाटापाशी येतो.

पाकिस्तानच्या हमूदुर रहमान आयोगाबद्दल लिहा ना. त्यांनी स्वतःच कबूल केलंय म्हणतात. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

काही कबूल केलंय, काही नाही. पाकिस्तानचे नवे अध्यक्ष भुट्टो यांनी डिसेंबर १९७१ मध्येच सरन्यायाधीश हमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली पराभवाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, १९७२ मध्ये अहवाल आला, कैदी परत गेल्यावर त्यांच्या साक्षी घेऊन १९७४ मध्ये पुरवणी अहवाल झाला, आणि तो सगळा कुलुपात गेला. २००० साली भारतातल्या एका साप्ताहिकाने पुरवणी अहवालाचा भाग छापला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पाकिस्तान सरकारने अहवाल खुला केला. पराभवाची कारणं, सेनापतींचं वागणं, दारू, लूट, यावर आयोग अगदी निर्दय आहे. पण मेलेल्यांचा आकडा आला की लष्कराने दिलेला २६ हजार हाच धरतो. बांगलादेशचा अधिकृत आकडा ३० लाख. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासाने पाहण्यांच्या आधारे साधारण २ लाख ६९ हजारांचा अंदाज दिला, त्यात पण मर्यादा आहेत, निर्वासित छावण्यांमध्ये पटकीने वगैरे गेलेले त्यात धरत नाहीत. प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी, कधीतरी, काहीतरी ठरवून मोजलंय किंवा मोजलेलं नाही, ते आधी बघ, मग आकड्यांची मारामारी कर.

त्या अहवालात तुला एक प्रकरण मुद्दाम वाच म्हणेन. पूर्व पाकिस्तानात मुलकी कारभार बघणारे पाकिस्तानी अधिकारी मेजर जनरल राव फर्मान अली यांच्या टेबल डायरीत त्यांच्याच हातचं एक वाक्य सापडलं, पूर्व पाकिस्तानची हिरवाई लाल रंगवावी लागेल अशा अर्थाचं. झालं, कत्तलीची योजनाच सापडली असं सगळ्यांना वाटलं, मुजीबुर रहमान यांनी ते भुट्टोंना दाखवलं. फर्मान अलींचं म्हणणं की हे माझं नाही, १९७० मध्ये एका डाव्या नेत्याने सभेत केलेलं विधान मी टिपून ठेवलं होतं, लाल म्हणजे कम्युनिस्ट. आयोगाला ते पटलं. बांगलादेशात फार थोड्यांना पटतं. हस्ताक्षर खरं, डायरी खरी, वाक्य खरं आणि तरी कशाबद्दल लिहिलंय यावर वाद. माझ्या मते या एका वाक्याने फर्मान अली सुटतही नाहीत आणि अडकतही नाहीत, त्यांचा हिशोब दुसऱ्या पुराव्यांवर करावा लागतो.

ताई, माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, एकाहत्तरला पूर्वेकडे होते. त्यांची ट्रंकभर पत्रं आहेत. यांचा काही उपयोग आहे का? लॅमिनेट करून ठेवावीत का? (एक वाचक, कराड)

लॅमिनेट अजिबात करू नका!! प्लास्टिक परत निघत नाही आणि आत कागदाचं वाटोळं होतं. साध्या कोऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवा, पिना आणि क्लिपा काढा, दमट जागा नको, आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाकिटं फेकू नका. पत्त्यात "द्वारा ९९ एपीओ" असं असेल तर ते पूर्वेकडचं लष्करी टपाल, गावाचं नाव मुद्दाम नसतं, पण शिक्क्यावरची तारीख आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर यावरून पलटण कुठे होती ते जुळवता येतं. घरच्या इतर पत्रांवर पाच पैशांचं "शरणार्थी सहायता" तिकीट दिसेल, ते १५ नोव्हेंबर १९७१ पासून साध्या टपालावर लावावं लागायचं, म्हणजे तारीख पुसली असेल तरी अंदाज येतो.

उपयोग आहे का म्हणून काय विचारता! वरती काय रडगाणं गायलं मी? जिथे मुख्यालयाचे कागद गेलेत तिथे शिपाई-हवालदारांची पत्रं हाच ऐवज आहे. आजोबा १ मराठात, म्हणजे जंगी पलटणीत असतील तर जमालपूरचा उल्लेख शोधा. तिथे आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी वेढ्यात अडकलेल्या ३१ बलुचच्या कर्नल सुलतान यांना एका वयस्कर मुक्तिवाहिनीच्या माणसाबरोबर चिठ्ठी पाठवली की शरण या, आणि कर्नलने उलट उत्तर पाठवलं, कागदात गोळी गुंडाळून, की तुमचं पेन चांगलं चालतं पण पुढच्या वेळी हातात स्टेनगन असू द्या. मग एका रात्री ते लोक वेढा फोडून निघाले आणि वाटेत मराठे बसलेले होते, पुढे काय झालं ते पलटणीत अजून सांगतात. आणि आजोबा २ पॅरात असतील, जी मूळची ३ मराठा, तर ११ डिसेंबरला टांगाइलला उडी मारलेल्यांपैकी असू शकतात. पलटणीच्या नावासकट बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला एक साधं पत्र टाका. पत्रं कुणाला देऊन टाकायची घाई करू नका, आधी फोटो द्या, आणि जे काही द्याल त्याची लेखी पोच घ्या.

आरटीआय टाकून युद्धाच्या फायली मिळतील का? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

टाका, पण नीट टाका. कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपेक्षा जुनी माहिती द्यावी लागते, मात्र सुरक्षा आणि परराष्ट्र संबंध, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद कायम राहतात, आणि युद्ध म्हटलं की पहिला अपवाद लगेच पुढे येतो. म्हणून "एकाहत्तरच्या युद्धाची सर्व माहिती द्या" असं लिहू नका, असे अर्ज एका ओळीत परत येतात. आधी फायलींची यादी मागा, किती फायली अभिलेखागाराकडे पाठवल्या, किती नष्ट केल्या आणि नष्ट करायचा आदेश कुणाचा होता ते विचारा. नष्ट केल्याची नोंद ठेवणं त्यांना नियमाने भाग आहे. दिल्लीला जाणं जमणार नसेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या चालतं, आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा एकाहत्तरचा आख्खा खंड त्यांच्या साइटवर फुकट आहे. पुढच्या अंकात निर्वासित छावण्यांवरचे प्रश्न घेईन, त्याचे मेल अजून वाचतेय.